आत्याबाईंचा फौजदार

आमच्या आत्याबाई माणसांना कधी लाजल्या नाहीत. बेलापूरच्या बाजारात भाजीवाल्याचा तराजू त्यांनी उलटा करून पाहिलेला मला आठवतो. सावेडीला आमच्याकडे राहायला आल्यावर, सोसायटीच्या पन्नाशीच्या चेअरमनना त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं होतं, "लगीन झालंय का न्हाई तुमचं? शर्टाला गुंडी न्हाई म्हून इचारते." आयुष्यात त्या लाजल्या फक्त एकाला, आणि तो कुत्रा होता.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. यजमान तरुणपणीच गेलेले, मूलबाळ नाही. बेलापुरात दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा आणि ओट्यावर एक कान पडलेला तांबूस कुत्रा. त्याचं नाव फौजदार. घरात आलेल्या पाहुण्याची एक चप्पल जप्त करायची, हा त्याचा उद्योग. एकच, आणि बहुतेक डावी. पाहुणा आत पाणी पीत असायचा तोवर चप्पल गायब झालेली असायची. मग पाहुण्याला चहा घ्यावा लागायचा, चहा झाला की जेवावं लागायचं. आत्याबाईंना वाटेल तेव्हा त्या ओट्यावर येऊन म्हणायच्या, "सोड रं." फौजदार कुठूनतरी चप्पल घेऊन यायचा आणि पाहुण्याच्या पायाशी टाकायचा. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून त्याने कधी चप्पल परत केली नाही. आत्याबाई म्हणायच्या, "मानूस राहा म्हटलं म्हून राहत न्हाई. चप्पल न्हाई म्हून राहतो."

एका पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि मनगट मोडलं. एकट्या बाईने प्लास्टरच्या हाताने कसं करायचं? मी झेरॉक्सचं दुकान चालवते; रांगेत माणूस उभं असताना मला विचार करत बसता येत नाही. प्रश्न आला की उरकायचा, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, आत्याबाईंना सावेडीला आणायचं. आमच्या सोसायटीत कुत्र्याला परवानगी नव्हती, म्हणून फौजदाराला शेजारच्या कमलने सांभाळायचं ठरलं. दुपारपर्यंत सगळं ठरवून झालं होतं.

निघताना सामान गाडीत ठेवलं आणि आत्याबाईंची डावी चप्पल सापडेना. त्या ओट्यावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कसं गं जायचं? चप्पल न्हाई." फौजदार समोर निवांत बसला होता. त्याच्या हिशेबी काम झालेलं होतं. त्यांनी 'सोड रं' म्हणायचा अवकाश, चप्पल आली असती. त्या म्हणाल्या नाहीत. मी गाडीच्या डिकीतून माझा जादा जोड काढून त्यांच्यापुढे ठेवला. "या घाला आत्याबाई, उशीर होतोय." त्यांनी त्या चपलांकडे जरा वेळ पाहिलं आणि पाय घातले. गाडी सुरू झाली तसा फौजदार उठून उभा राहिला. आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, छान झालं, रडारड नाही.

मुलांच्या मामाने त्याच सुमारास एक सिनेमाची सीडी आणून दिली. परदेशातलं एक कुटुंब आणि त्यांचा वांड कुत्रा. तो सोफा फाडतो, वाढदिवसाचा केक टेबलक्लॉथसकट खाली ओढतो, घरातला बाप डोक्याला हात लावतो. सिनेमा इंग्रजी होता आणि मुलं तेव्हा लहान, त्यामुळे सगळी पात्रं आत्याबाईच बोलायच्या. बाप ओरडायला लागला की त्या जाड आवाज काढायच्या, "आरं मेल्या, पाव्हनं यायचे हायेत अन् काय करून ठिवलं हे!" बाई फोनवर बोलत असली की, "व्हय गं आई, लई छळतंय बघ, पन जीव लागलाय." कुत्र्याचं नाव त्यांनी साहेब ठेवलं, कारण तो गालिच्यावर झोपायचा. दर रविवारी तोच सिनेमा लागायचा. मुलं पुढे मोठी झाल्यावर त्यांना त्यातलं इंग्रजी कळलं, तेव्हा म्हणाली, "आजीची गोष्ट जास्त चांगली होती."

सिनेमात एक जागा आहे. घरचे लोक कंटाळून साहेबाला गाडीतून दूरच्या एका शेतावर नेऊन सोडतात. गाडी फाटकातून बाहेर पडू लागली की आत्याबाई उठायच्या. "नळाला पानी आलं का बघते," म्हणून स्वयंपाकघरात जायच्या. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा. मग मुलं ओरडायची, "आजी, आला परत!" आणि त्या पदराला हात पुसत येऊन बसायच्या. सावेडीत पाण्याचं वेळापत्रक काही धड नसतं, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. मुलांना मात्र पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आमच्याकडे येणाऱ्यांच्या चपला हरवू लागल्या तेव्हा आधी मी मुलांना धरलं. मग एकदा नवऱ्याचे साहेब, म्हणजे खरे ऑफिसातले, सपत्नीक आले. उठायची वेळ झाली तेव्हा त्यांचा एक बूट नाही. सगळे मिळून शोधतोय. शेवटी तो बाथरूममध्ये पालथ्या बादलीखाली निघाला. बूट हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा कसा होता कोण जाणे. साहेबांची बायको खिडकीबाहेर बघू लागली. ते गेल्यावर मी आत्याबाईंना मुलांच्या देखत बोलले. लाज काढलीत म्हणाले. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हितं कुनी राहतच न्हाई गं. चहा पितंय की उठतंय." त्यानंतर आमच्याकडे कुणाची चप्पल हरवली नाही.

बेलापूरला जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. जत्रेला दुखले, पुतणीच्या लग्नाला दुखले. मग कमल आपल्या मुलाच्या लग्नानंतरच्या गोंधळाचं आमंत्रण घेऊन स्वतः आली. आत्याबाईंनी तिला सगळ्या गल्लीची खुशाली विचारली, फौजदाराची सोडून. कमल आपणच म्हणाली, "फौजदार बरा हाय आत्या. पन चप्पल घेत न्हाई आता कुनाची. तुमी गेल्यापास्नं सोडलंच त्यानं."

ती गेल्यावर आत्याबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. मी म्हटलं, "जाऊन येऊ या की."

"कोन्त्या तोंडानं जाऊ त्याच्याम्होरं?"

"आत्याबाई, कुत्रा आहे तो."

"तेच म्हनते. मानूस असता तर खोटं बोलले असते."

मी अर्थातच त्यांना गाडीत बसवलं. प्रश्न उरकायचा होता.

कमलच्या अंगणात फौजदार सावलीला पडला होता. तोंड पांढरं झालेलं. थोरल्या दिरासमोरून जावं तसा आत्याबाईंनी पदर पुढे ओढला आणि भिंतीच्या कडेने गेल्या. त्याने मान उचलली, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पंजांवर ठेवली. "बघितलं?" त्या मला हळूच म्हणाल्या. "वळख दिली न्हाई. बरुबर हाय त्याचं." जेवायला त्या अंगणाकडे पाठ करून बसल्या. पुरणाची पोळी अर्धी टाकली.

निघायच्या वेळी माझी डावी चप्पल सापडेना.

"अगं बाई!" कमल टाळी वाजवून ओरडली. "फौजदार ड्यूटीवर आला की!" सगळी गल्ली हसायला लागली. मुलं शोधत पळाली. तो आत्याबाईंच्या बंद घराच्या ओट्यावर होता, आणि माझी चप्पल त्याच्या पुढच्या पंजांखाली होती. आम्ही सगळे समोर उभे राहिलो. तो आत्याबाईंकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"आत्या, सोड म्हना की त्याला," कमल म्हणाली. "तुमच्याबिगर कुनाचं ऐकतोय?"

आत्याबाईंनी आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि पायानेच माझ्याकडे सरकवल्या.

"ह्या घाल. तुला उशीर होतोय."

आवाजात राग नव्हता.

"आणि तुम्ही?"

"मला कुठं जायचंय?" त्यांनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली. इतके दिवस ती तिथेच होती. ओट्याच्या पायऱ्या चढल्या, फौजदाराच्या अंगावरून हात फिरवला आणि कुलूप उघडायला लागल्या. त्याच मोडलेल्या हाताने. तो कधीच बरा झाला होता. मीच तो विषय काढला नव्हता.

त्यांच्या चपला मला लहान होत्या. टाचा बाहेर ठेवून मी सगळ्या गल्लीसमोरून गाडीपर्यंत चालत गेले. हसणं तोवर थांबलं होतं.

त्या परत आल्या नाहीत. कमलचं लक्ष होतं, आम्ही जाऊन येऊन होतो. गेलो की माझी चप्पल जायची आणि आम्ही जेवून निघायचो. आधी फौजदार गेला, पुढच्या थंडीत आत्याबाई.

परवा दिवाळीला मुलं घरी आली होती. त्यांनी तो सिनेमा मोबाईलवर शोधून टीव्हीवर लावला. आता आवाज कोणी काढत नाही. सगळ्यांना इंग्रजी येतं. गाडी फाटकातून बाहेर पडू लागली तशी मी उठले.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"नळाला पाणी आलं का बघते."

पाणी सकाळीच येऊन गेलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून धुतलेली भांडी पुन्हा विसळत होते, आणि मुलं हाक मारतील म्हणून वाट बघत होते.