साहेब येणार म्हणून

मी पदवीधर झालो तो मावशीमुळे. हिंगोलीच्या दवाखान्यात आया असलेली ही माझी लांबच्या नात्यातली मावशी. कॉलेजसाठी पुसेगावहून आलो तेव्हा तिनं मला घरी ठेवून घेतलं आणि बीए होईपर्यंत जेवू घातलं. "काहून?" म्हणजे 'का?', हा तिचा लाडका शब्द. डॉक्टरांनी गोळी बदलली तरी काहून, मी दुसऱ्यांदा भाजी घेतली नाही तरी काहून.

आमच्या वस्तीत स्वतःच्या पगारातून विटांचं घर बांधणारी ती पहिली बाई. घर कयाधू नदीच्या काठी, म्हणून तिला विमा हवा होता. एजंट आला आणि कागद पुढं करून सही मागू लागला. मावशीनं तो मला वाचायला लावला. अडखळत इंग्रजी वाचून मी सांगितलं, हा विमा आगीचा आहे, पुराचं यात नावही नाही.

"काहून?" ती एजंटला म्हणाली. "नदी काय पेटून येती का?"

पुरासाठी जादा हप्ता पडतो, वेगळी चिठ्ठी जोडावी लागते, लोक सहसा ती घेत नाहीत, असं तो म्हणाला.

"लोकायला तुमी सांगता का?"

एजंटनं कागद परत पिशवीत घातला. चिठ्ठी जोडून आली तेव्हाच तिनं सही केली. एवढं विचारून विमा घेणारं माणूस तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर सांगा.

त्याच पावसाळ्यात कयाधू घरात शिरली. मागची भिंत कोसळली, उरलेल्या भिंतींवर गाळाची रेघ राहिली. कंपनीला कळवलं, पण नुकसान पाहायला कोणी येईना. मावशी तशीच चिखलात राहिली. मी गावी गेलो असताना निरोप आला, कंपनीचे साहेब उद्या येणार.

सकाळच्या गाडीनं परतलो तर घर लख्ख. गाळ उपसलेला, जमीन सारवलेली, भिंतींना चुना. दारात शेजाऱ्यांची खुर्ची, तांब्या-पेला. आमच्या वस्तीत अधिकारी यायचा तो रस्त्यावरूनच बोलून जायचा. घरात बसायला साहेब पहिल्यांदाच येणार होता. मलाही ते घर पाहून अभिमान वाटला.

साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले. "घर तर नवं दिसतंय. पाणी कुठवर आलं होतं? खूण दाखवा."

मावशीनं छातीला हात लावून दाखवलं. शेजारी पुढं झाले, तर साहेब म्हणाले, तुम्ही सांगणारच. भिंत जुनी होऊन पडली असेल, असंही म्हणाले. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. पाण्याची खूण राखून ठेवा, हे ना एजंटनं सांगितलं होतं, ना कागदात होतं.

"रेघ मीच पुसली, साहेब," मावशी म्हणाली. "तुमी येनार म्हून."

तिनं पेला पुढं केला. साहेबांनी हात मागं घेतला. तहान नाही म्हणाले, त्या उन्हात. काहून, हे मावशीनं विचारलं नाही.

दावा नामंजूर झाला. मागची बाजू तिनं बांबूच्या तट्ट्यांनी झाकली. विमा मात्र चालू ठेवला. मी नोकरीसाठी नांदेडला आलो. पुढं कयाधू पुन्हा चढल्याचं कळलं, त्या दिवशी मी तिला पत्र टाकलं:

"मावशी, रविवारी येतो. रेघेला हात लावू नकोस. कोणीही येणार असलं तरी झाडू उचलू नकोस. मला चिखलातच बसव, चिखलातच वाढ."