कॅसेटवर बदललेला शेवट

आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला गेलो त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण डोळे गेले. ती दहा वर्षांची होती, मी सोळाची. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरात मात्र तिच्यापुढे एकच वाक्य ठरलेलं होतं : वेळ लागेल.

तिला पुस्तकांचं भारी वेड. बाबांनी टेपरेकॉर्डर आणला आणि मी दुपारी दार लावून तिच्यासाठी गोष्टी वाचून भरू लागले. माझ्या आवाजामागे कुकरची शिट्टी, कोळशाच्या ट्रकचा भोंगा, सगळंच भरलं जाई. मी कॉलेजात गेले की ती पालथी पडून, स्पीकरला कान लावून ऐकत राही.

त्यात एक गोष्ट मेंढपाळाच्या मुलीची आणि तिच्या कुत्र्याची होती. पुरातून मुलीला काठावर आणून कुत्रा मरतो. ते पान आलं तेव्हा मी टेप बंद केला. कुत्रा धापा टाकत उठतो, अंग झटकतो, असं मनानेच रचलं आणि तेच वाचलं. तिने ती कॅसेट इतक्यांदा ऐकली की आवाज घोगरा झाला.

वर्षभराने त्याच पुस्तकावरचा सिनेमा कॉलनीच्या हॉलमध्ये मुलांना दाखवणार होते. मी टाळू पाहिलं, पण ती हटून बसली. मनाशी म्हटलं, सिनेमावाले शेवट गोडच करतात. पडद्यावरचं मी तिच्या कानात सांगत होते.

"पुस्तकात तर मेंढ्या आधी पळतात नं?" ती म्हणाली. "यांनी बदलवलं."

मग पूर आला. संगीत थांबलं. हॉलमध्ये मुलं मुसमुसू लागली.

"काय झालं, ताई?"

"थकून झोपला तो."

मागून एक मुलगी रडत म्हणाली, "मेला नं वं आई तो कुत्रा!"

बहिणीने माझा हात सोडला. आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना तिने विचारलं, "पुस्तकात काय आहे?"

"मरतो."

"मग मले खोटं काहून वाचून दाखवलं?"

"तुले वाईट वाटलं असतं म्हणून."

"माझ्या डोळ्यांचंही असंच सांगून राहिले का तुम्ही?"

आई पोळ्या लाटत होती, तिचे हात थांबले. तिने मानेनेच मला नको म्हटलं. पण आता पुन्हा खोटं बोलणं माझ्याच्याने होईना.

"नजर येणार नाही म्हणाले डॉक्टर."

"कधी म्हणाले?"

"दवाखान्यातच."

"कोणी सांगितलं होतं तुले तोंड उघडाले?" आई ओरडली आणि तिथेच रडायला बसली. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बहीण मात्र रडली नाही. तिने टेपरेकॉर्डर उचलून चाचपडत कपाटात ठेवला, आणि त्या जूनमध्ये स्वतःच हट्ट धरून नागपुरात अंध मुलींच्या वसतिगृहात गेली.

तिथे ती बोटांनी वाचायला शिकली. सुट्टीत घरी आली की जाड पुस्तकं घेऊन खिडकीपाशी बसे. आपल्यात भांडण नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण तिच्या नावाचं पत्र आलं की ती आधी माझ्याकडून वाचून घ्यायची, मग तेच पत्र घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची.