बाबांच्या शर्टाचा ओला निळा रंग

आज रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मुलुंडच्या आमच्या खोलीत खिडकीखाली बसून मी बाबांचं चित्र रंगवत होतो.

माझ्या जलरंगांच्या वहीतली पानं तुम्ही इथे पाहिली आहेत: गॅलरीतला पाण्याचा ड्रम, आईचा तवा, जिन्यातल्या चपला. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना आठवून काढायला मी आजवर घाबरत होतो.

आज चेहरा जमला. मग कारखान्याच्या शर्टावर भरपूर पाणी घालून निळा रंग सोडला. तो आपोआप वाळू द्यायचा असतो, म्हणून मी ब्रश धुवायला मोरीत गेलो.

परत आलो तर आई पदराने पान टिपत होती.

"आई! हात कशाला लावलास? वाट लावलीस सगळी!"

ती दचकली. "अरे, पाणी सांडलला, म्हणान पुसलंय."

मग तिने पानाकडे नीट पाहिलं. "हे... तुझे बाबा?"

मी पान तिच्यासमोरून ओढून घेतलं. शर्ट फिका पडला होता आणि निळा रंग हनुवटीपर्यंत ओढला गेला होता. ती स्वयंपाकाला लागली. दुपारी मला वाढलं, स्वतः जेवली नाही.

आता चार वाजलेत. ती अजून त्याच साडीत बसली आहे. मघाशी मी म्हणालो, "आई, चुकलो. दे, पदराला लागलेला रंग धुवून देतो."

"नको," म्हणाली, आणि पदरावरचा तो निळा डाग मुठीत धरला.

ते 'नको' रागाचं होतं की कशाचं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. तुम्ही विचारलं असतं का?