हॅरल्डच्या हॉलमधला गणपती

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे आमच्या मराठी शाळेचे किस्से साठलेत. कधी जमले ते कळत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत! एक काढायला जावं तर मागून चार घरंगळत खाली येतात.

आमची शाळा रविवारी दुपारी भरायची, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या थोडं पुढे, एका बाप्टिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. बाहेर ऊन असं की पार्किंग लॉट पाण्यासारखा हलताना दिसायचा. आत एसीची घरघर, रंगीत काचांतून येणारा निळा-तांबडा उजेड आणि त्या उजेडात बाराखडी म्हणणारी मुलं. मी मोठ्या मुलांना वाचन शिकवते, निदान शाळेच्या वेबसाइटवर तसं लिहिलंय. खरं म्हणजे शेवटच्या खुर्चीवर बसून मी अर्धी जागी आणि अर्धी कुठेतरी भलतीकडेच असते. त्यामुळे माझ्या सांगण्यात तारीख-वार शोधू नका. झालं ते सगळं असंच झालं, एवढं मात्र नक्की.

*

आधी हॉल कसा मिळाला ते सांगते.

अरुणकाका मूळचे नागपूरचे, पाइपलाइन इंजिनिअर, आता रिटायर्ड. खिशात मेजरिंग टेप असल्याशिवाय ते देवळातही जात नाहीत. मीनल पुण्याची, आयटीतली. शाळेची मुख्याध्यापिकाही तीच आणि शाळा सुटल्यावर झाडू मारणारीही तीच. आम्ही तिघं चर्चच्या पास्टरना, म्हणजे हॅरल्डना, भेटायला गेलो. सत्तरी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला टेक्सन माणूस. बोलणं इतकं सावकाश की एका वाक्याच्या मध्ये माझी एक डुलकी सहज होऊन जायची.

शाळेचं लगेच ठरलं. पण गणपतीचं कसं विचारायचं? "बाप्टिस्ट म्हणजे मूर्तीच्या एकदम अगेन्स्ट हं," मीनलने गाडीत येताना शंभरदा सांगितलं होतं. शेवटी अरुणकाकांनी घसा खाकरला.

"सर, गणेश चतुर्थीला आम्ही आमचा देव इथे आणू. चालेल?"

हॅरल्ड विचारात पडले.

"केवढा आहे?" त्यांनी विचारलं. "नाही, मागचं दार जरा बुटकं आहे."

अरुणकाकांनी ताबडतोब टेप काढली!

*

पहिल्याच गणपतीला मीनलने कमाल केली.

हॉलच्या भिंतीवर एक साधा लाकडी क्रॉस होता. मीनल म्हणाली, "ज्यांच्या घरात आपण बसणार, त्या यजमानांना आधी नको का?" आम्ही काही बोलायच्या आत ती खुर्चीवर चढली, क्रॉसला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकूही वाहिलं. तेवढ्यात हॅरल्ड आत आले. बघतच राहिले! मीनल खुर्चीवर, हातात कुंकवाची कोयरी, उतरावं की नाही कळेना.

हॅरल्डनी हात वर करून हार अलगद काढला आणि गणपतीच्या गळ्यात घातला. "आमचा क्रॉस रिकामाच असतो, येशूसुद्धा नसतो त्यावर," ते म्हणाले. "तुमच्याला शोभतोय."

मग खाली बघून जरा थांबले. "आणि ती लाल पावडर... तेवढं कार्पेट नवीन आहे हो."

*

चर्चमध्ये हळूहळू नवी मंडळी येऊ लागली. त्यांचं म्हणणं, हा देश ख्रिश्चन आहे, तर तो तसा दिसायलाही हवा. पास्टर जिथे उभे राहून बोलतात, तिथे शेजारी अमेरिकेचा भला मोठा झेंडा लावा, असा त्यांचा आग्रह सुरू झाला. हॅरल्ड ऐकेनात. झेंडा बाहेर हिरवळीवरच्या खांबाला, तो तिथेच राहील, म्हणाले.

एकदा दुपारी ते क्रेप मर्टलच्या झाडांना पाणी घालत होते. गुलाबी फुलांचा सडा पडलेला, पाइपमधून संथ धार. मी सावलीत बसले होते आणि अरुणकाका त्यांच्या मागे मागे फिरत होते.

"काहून पण, सर? झेंड्याने काय होते?"

हॅरल्डनी एक झाड पुरतं भिजवलं आणि मग सांगितलं. त्यांच्या फार जुन्या एका पूर्वजाला तुरुंगात टाकलं होतं. गुन्हा काय, तर परवानगीशिवाय प्रवचन दिलं. टाकणारेही ख्रिश्चनच, पण सरकारी ख्रिश्चन! "सरकारच्या हातात देव दिला," ते म्हणाले, "की पहिला आत जातो तो त्याच देवाचा भक्त."

अरुणकाकांनी वाटेत आलेला पाइप उचलून बाजूला केला. मग हळूच म्हणाले, "आमच्याकडे पण तसाच प्रॉब्लेम आहे, सर."

नळ बंद करून हॅरल्ड पाइप गुंडाळत बसले.

*

आमच्याकडे सरकारी शाळांच्या स्कूल बोर्डाची मीटिंग प्रार्थनेने सुरू होते. दर वेळी एकाच धर्माची प्रार्थना का, अशी कुरबुर झाली, तेव्हा बोर्डाने पाळीपाळीने बाकीच्यांना बोलवायला सुरुवात केली. आमचा नंबर लागला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच साजरी झाली. म्हणायचं काय, यावर मात्र जुंपली. गणपतीचं म्हणावं की सरस्वतीचं, की सरळ आरतीच करावी?

"आरती नको यार, तिथे टाळ्या कोण वाजवणार!" मीनलने निकाल दिला.

अरुणकाका सिल्कचा कुर्ता घालून गेले आणि खड्या आवाजात श्लोक म्हणू लागले. सगळं सभागृह उभं राहिलं. मी बघते तर एकाने उजवा हात छातीवर ठेवला, त्याचं बघून शेजारच्याने ठेवला, आणि श्लोक संपेपर्यंत सगळ्यांचे हात छातीवर! मीटिंगनंतर एक बाई मुद्दाम आमच्याकडे आल्या.

"किती सुंदर आहे तुमचं राष्ट्रगीत!"

अरुणकाका खूष. पण मागच्या रांगेत हॅरल्ड होते आणि सगळे उभे असताना ते एकटेच बसून राहिले होते. काकांच्या मनाला ते फार लागलं. रविवारी त्यांनी तोंडावरच विचारलं.

"मी तिथे सगळ्यांच्याच प्रार्थनेला बसून राहतो, अरुण," हॅरल्ड म्हणाले. "मागच्या महिन्यात येशूची होती, तेव्हाही बसलेलोच होतो."

*

आता इराची गोष्ट. ही सांगताना मला अजूनही कसंतरी होतं.

इरा मीनलची मुलगी, दहा वर्षांची, नियमांची पक्की. रस्ता मोकळा असला तरी सिग्नल झाल्याशिवाय ती स्वप्नातसुद्धा पलीकडे जाणार नाही. त्या वर्षी राज्यात नवा नियम आला आणि सरकारी शाळांच्या वर्गांत बायबलमधल्या दहा आज्ञांची पोस्टर्स लागली. त्याच महिन्यात आमच्या हॉलमध्ये शाडूचे गणपती करायचे होते. सगळी मुलं कोपरापर्यंत मातीत. इरा मात्र हात मागे बांधून उभी.

"काय गं, सोंड जमत नाही का?" मी विचारलं.

"आय कान्ट, काकू. इट्स अगेन्स्ट द रूल्स."

"कोणाचे रूल्स?"

"क्लासमध्ये लावलेत. मूर्ती करायची नाही. 'नो च्युइंग गम'च्या पाटीशेजारीच आहे."

मीनलच्या हातातली माती हातातच राहिली. "अगं, ते त्यांच्या धर्माचं आहे, बाळा. आपल्यासाठी नाही."

"मग स्कूलमध्ये का लावलंय?" इरा म्हणाली. "स्कूल इज माइन टू."

निळा उजेड टेबलावरून सरकत सरकत तिच्या कोरड्या हातांवर आला, तेवढं मला आठवतं.

हॅरल्ड दारातून ऐकत होते. ते येऊन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि मातीचा एक गोळा घेतला. "मी आपला उंदीर करतो," म्हणाले. "उंदीर काही देव नाही."

"नो," इरा म्हणाली. "जमिनीवरचं काहीच करायचं नाही, असं लिहिलंय."

हॅरल्डनी गोळा खाली ठेवला. "माझ्या चर्चमधल्या निम्म्या लोकांनी हे इतकं नीट वाचलेलं नाही," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी इराने गणपती केला नाही.

*

पुढच्या बोर्ड मीटिंगला हॅरल्ड पोस्टर्सच्या विरोधात बोलायला उभे राहिले. प्रत्येकाला मोजकी मिनिटं आणि यांचं बोलणं तुम्हाला सांगितलंच! "दहाच्या दहा आज्ञा मला पाठ आहेत," त्यांनी सुरुवात केली. "त्या पाठ करायला मला सरकारच्या भिंतीची मदत लागली नाही. आणि ज्या मुलीला..." झालं, घंटा वाजली!

पण तेवढंही पुरलं. चर्चमधली नवी मंडळी खवळली. बाप्टिस्टांमध्ये पास्टर ठेवायचा की काढायचा, हे सभासद मत देऊन ठरवतात. तसं मतदान ठरलं. हॅरल्ड गेले तर आमचा हॉलही जाणार हे उघड होतं. पण त्यांचं अर्धं आयुष्य त्या चर्चमध्ये गेलेलं. लग्न तिथलं, बायकोचं शेवटचं कार्यही तिथलंच. आणि आम्हाला तर मत देण्याचा अधिकारही नव्हता.

अरुणकाका एरवी स्वतःला पक्के बुद्धिवादी म्हणवतात. त्यांनी गुपचूप गणपतीला नवस बोलला! हॅरल्डची जागा राहिली तर एकवीस मोदक. मीनलच्या पोटात काही राहत नाही. तिने ते हॅरल्डना सांगून टाकलं.

"बाप्टिस्ट निवडणुकीत तुम्ही तुमच्या देवाला घातलंत?" हॅरल्डनी विचारलं.

"नुसती रिक्वेस्ट केली, सर."

"अरुण, मी हेच तर नको म्हणतोय!"

हॅरल्ड हरले. थोडक्यातच, पण हरले. त्यांनी आमच्या हॉलची किल्ली खिशातून काढून नव्या माणसाच्या हातात दिली आणि टोपी घालून बाहेर पडले. मी गाडीत बसून रडले. अरुणकाका स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"आपला गणपती सेक्युलर निघाला," ते म्हणाले.

*

आता शाळा एका छोट्या शॉपिंग सेंटरमधल्या गाळ्यात भरते. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान, त्यामुळे बाराखडीला हिंगाचा आणि नेलपॉलिशचा मिळून वास येतो. रंगीत काचा नाहीत. कार्पेटही नाही, म्हणजे कुंकवाला मोकळीक! नियमांचं खातं आपोआप इराकडे गेलं. तिने मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, एक पाटी लिहून दाराच्या काचेवर लटकवली: "चपला-बूट बाहेर काढा."

एका रविवारी हॅरल्ड आले, टोपी हातात धरून. त्यांच्याबरोबर काही कुटुंबं बाहेर पडली होती आणि प्रार्थनेला जागा मिळत नव्हती.

"रविवारी सकाळी आम्ही आमचा देव इथे आणला तर चालेल?" त्यांनी विचारलं.

अरुणकाका मुद्दाम विचारात पडले. इतक्या वर्षांत असा चान्स कधी आला नव्हता.

"केवढा आहे?"

हॅरल्ड डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काका टेप शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवून उभे राहिले.

पहिल्या रविवारी आम्ही जरा लवकर पोचलो. आत अजून त्यांचं गाणं चालू होतं, सावकाश, हॅरल्डच्या बोलण्यासारखंच. खिडकीत शाडूचे गणपती वाळत ठेवले होते. या खेपेला त्यांतला मोठ्या कानांचा इराचा होता. आणि बाहेर, उन्हात, बुटांची रांग! काउबॉय बूट, म्हाताऱ्या बायकांचे पांढरे बूट, एका बाळाचे इवलेसे. काचेतून दिसत होतं, सगळे मोज्यांवर उभे होते आणि हॅरल्डच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

गाणं संपलं. एक म्हाताऱ्या बाई भिंतीला धरून बूट चढवू लागल्या. त्यांना वाकता येत नव्हतं. बराच वेळ लागला. "तुमचं घर, तुमचा नियम," त्या आमच्याकडे बघून हसत म्हणाल्या. इरा ते बघत उभी राहिली. मग तिने मान वर करून स्वतःची पाटी वाचली, जणू दुसऱ्याच कोणी लिहिलेली.

पुढच्या शनिवारी तिने आईकडे गाळ्याची किल्ली मागितली. कशाला, ते सांगितलं नाही.

रविवारी आम्ही गेलो, तर बाहेर एकही बूट नव्हता. काचेवर पाटी होती, पण उलटी, कोरी बाजू बाहेर. हॅरल्डची मंडळी पायांत बूट घालूनच एकेक करून बाहेर पडली, गाड्या गेल्या, पार्किंग लॉट रिकामा झाला. मग इराने पाटी सुलटी केली, चपला काढल्या आणि आत गेली.