न खाणाऱ्या अळ्या

१७ ऑगस्ट २०१२, सकाळी सव्वानऊ. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत डासांच्या अळ्या मारणारे जीवाणू वाढवले जात. काचेच्या चंबूत ते ज्या पोषक रसात वाढत, त्या रसाचा यीस्टसारखा आंबूस वास जिन्यापर्यंत येई. आदल्या दिवशी मी तो रस ज्या पाण्यात घातला होता, त्यातील सर्व अळ्या सकाळी जिवंत होत्या. नऊ वर्षे नळीतून नळीत जपलेल्या वाणाची मारकशक्ती संपली, असा निष्कर्ष मी काढला आणि मूळ नळीसकट सगळे चंबू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालून नष्ट करण्यास सांगितले. प्रयोगशाळेत अळ्या पोसणाऱ्या, डिलाईल रोडला राहणाऱ्या बाई जागच्या हलल्या नाहीत. “सर, जंतूंना कशाला बोल लावता? चौदा तारखेला निवडलेल्या अळ्या तुम्ही काल वापरल्यात. पंधरा ऑगस्टची सुट्टी तुम्हाला होती, त्यांना नव्हती. मोठ्या झाल्या त्या, आता कोषात जाणार. बिस्किटाचा चुरा कालपासून तसाच पडलाय. खातच नाहीत, तर जंतू पोटात जाणार कसे?” हे जीवाणू गिळले गेले तरच मारतात, हे मीच त्यांना शिकवले होते. चंबू मी परत फळीवर ठेवले. बाईंनी कोवळ्या अळ्या आणून दिल्या. त्यांच्या पाण्यात मी तोच रस घातला. “आता जेवून या, सर. तुम्ही बघत बसलात म्हणून लवकर मरायच्या नाहीत,” त्या म्हणाल्या. मी जेवलो नाही. साडेतीनला सर्व अळ्या तळाशी निश्चल होत्या. नऊ वर्षांचा वाण मी सकाळीच जाळायला निघालो होतो, हे लक्षात येऊन मी खुर्चीत बसलो. आजही यीस्टचा वास आला की ती खुर्ची आठवते. त्या संध्याकाळी मूळ नळी फ्रिजमध्ये ठेवली, आणि जुन्या अळ्यांचे डास होण्याआधी त्यांच्यावर उकळते पाणी ओतले.