तळव्याला कांदा

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात लेकराचं डोकं दुखलं आणि त्याला उलटी झाली, की डॉक्टरला कोणी विचारत बसत नाही. ऊन लागलं, झालं. कांदा किसा, रस तळव्यांना चोळा, कैरीचं पन्हं पाजा. अकोल्याचं ऊन ज्यानं सोसलंय, तो याला हसणार नाही. मी अशीच वाढले, माझी लेकही.

त्या उन्हाळ्यात लेक नऊ वर्षांची होती आणि सुट्टीत अमरावतीला आत्याकडे गेली होती. आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे पोरीचे लाड असे, की अकोल्याला परत आली की कितीतरी दिवस हिच्या तोंडी आत्या एके आत्या. आत्याची भाजी अशी नसते, आत्या वेणी अशी घालत नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. पोरगी खेळता खेळता डोकं धरून खाली बसली, ओकली आणि आता झोपली आहे. उन्हानंच असेल, शेजारणीही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, बरं, झोपू द्या. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

"मी तिच्या तळव्याले कांदा चोळून राह्यली, अन् पोरगी पायच नाही ओढत. काहून वं?"

माझ्या लेकीच्या तळव्याला बोट लावायची सोय नव्हती. गुदगुल्यांनी घर डोक्यावर घ्यायची. कांदा चोळायचा तर एकानं पाय घट्ट धरायचे, दुसऱ्यानं चोळायचं. ती पोरगी गप पडून राहते?

"ताई, कांदा फेका अन् तिले उचला. मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

नवरा आणि मी मिळेल त्या गाडीत बसून अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनला उतरलो, तिथून ऑटोनं दवाखाना गाठला. तोवर डोक्याचा स्कॅन झाला होता. डॉक्टरांनी नीट समजावलं. लहान मेंदूत गाठ होती, कदाचित काही वर्षांपासून, हळूहळू वाढणारी. तिच्यात आपोआप रक्तस्राव झाला, मेंदूतल्या पाण्याची वाट अडली आणि डोक्यातला दाब वाढला. ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं. पडली का, मार लागला का, उन्हानं झालं का, असं सगळं मी विचारलं. नाही, म्हणाले, यात कोणाचा दोष नाही. अशा गाठीत रक्तस्राव क्वचितच होतो, पण होतो. गाठ दिसायला तरी साधी वाटते, कॅन्सरची नसावी.

माझं डोकं फिरलं. पोरगी डोळे उघडेना आणि गाठ म्हणे साधी! मी डॉक्टरांना तसं तोंडावर बोलले. ते चिडले नाहीत. साधी म्हणजे पसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ, म्हणाले. पुढे तपासणीचा रिपोर्ट आला, तोही साधीच म्हणणारा. पण तो शब्द माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. आता दरवर्षी स्कॅनला नेतो, ती चालताना अजून थोडी एका बाजूला जाते, आणि लोक मला सांगतात, साधीच होती ना, मग काय!

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी भुलीची औषधं थांबवली, श्वासाची नळी काढली, तरी ती डोळे उघडेना. वाट पाहा, एवढंच डॉक्टर म्हणत होते. नणंद बाहेरच्या बाकड्यावर बसून होती, माझ्याजवळ येत नव्हती. आपण कांदा चोळण्यात वेळ घालवला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. मलाही ते बोलायचंच होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण तो कांदा चोळला नसता, तर पोरगी झोपली आहे असंच आम्ही दोघी समजत राहिलो असतो.

आत एकालाच सोडत होते. मी गेले. हाक मारली, गालावरून हात फिरवला. काही नाही. मग चादर वर केली आणि तिच्या तळव्यावर बोटानं रेघ ओढली.

पाय हलला. मी पुन्हा बोट फिरवलं, तशी तिनं पाय ओढून घेतला आणि डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटली, "आत्या, नको ना वं."

मला राग आला नाही. आत्या नाही, आई आहे, हेही मी सांगितलं नाही. तोंडाला पदर लावून दारापर्यंत गेले आणि नणंदेला म्हटलं, "ताई, तुमी जा आत. तुमाले बोलावून राह्यली."