सहावं पान

नाशिकहून निघताना बेत साधा होता, गोदाकाठचे घाट पाहायचे. गंगाखेड झालं, तिथून पालमची एसटी धरली आणि वाटेत एका फाट्यावर गाडी बंद पडली. "दुसरी येईल दुपारून," एवढंच सांगून वाहक सावलीत जाऊन बसला. चैत्राचं ऊन. दोन्ही अंगांना काळी, भेगाळलेली रानं, आणि एकही पाखरू नाही.

लिंबाखाली टेकले होते, तोच एक म्हातारी थेट माझ्याकडे चालत आली. तिची नजर माझ्या मंगळसूत्रावर होती.

"सवाष्ण हाव न्हवं, बाई? आमच्यात पाच जणी जेवू घालायच्या हायत. एक कमी पडायलीय. न्हाई म्हनू नका."

त्या म्हातारीचं, गयाबाईंचं, घर जवळच होतं, माळवदाचं, मातीच्या धाब्याचं. आत गारवा होता. चार सवाष्णी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाच पानं मांडलेली, आणि समोर एकटं सहावं. त्याच्या पाटावर घडी घातलेली हिरवी साडी.

"ते थोरल्या सुनंचं," गयाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माहेरी जायचं म्हनून लय रडायची. आमी धाडलं न्हाई. हिरीत उडी घेतली तिनं. तवापासून दावणीला जनावर टिकंना, घरात पाळणा हलंना. जोशीबुवा म्हनले, पोथीत हाय, लेकीसुना झुरतेत ते घर बसतं. म्हनून दर साली जेवू घालायलाव."

मी संस्कृतची शिक्षिका. मनुस्मृतीतला तो श्लोक वर्गात कितीदा शिकवला असेल. त्या सारवलेल्या जमिनीवर बसून मात्र तो पहिल्यांदाच ऐकत होते.

वाढत होती धाकटी सून, शारदा. तिचा नवरा पुण्याला कामाला. ओठ सुकलेले, गाल बसलेले, पण आवाज गोड. "आजून घ्या की, बाई," म्हणत तिने मला आग्रह केला.

"तुम्ही कधी जेवणार?" मी विचारलं.

"समद्यांचं झाल्यावर," उत्तर गयाबाईंनी दिलं.

एवढ्यात शारदाच्या हातातून पळी पडली. ती सहाव्या पानाकडे गेली, साडी उचलून मांडीवर घेतली, पाटावर बसली आणि जेवू लागली. घाईने नाही. एकेक घास, डोळे समोरच्या भिंतीवर. खोलीत तिच्या खाण्याचाच काय तो आवाज. एक सवाष्ण उष्ट्या हाताने दाराकडे सरकली.

"कुशावर्ता..." गयाबाईंच्या तोंडून थोरलीचं नाव निघालं.

ओसरीवरून शारदाचे सासरे धावत आले आणि पाटापुढे आडवे झाले. "काय पायजे, माय? बोल."

हातातली पोळी तिने संपवली. मग खोल, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माहेरी धाडा."

"कोनाला?"

"सुनंला."

ती हिरवी साडी नेसवून, गठुडं देऊन शारदाला माझ्याबरोबर फाट्यावर आणलं. गयाबाई हात जोडून उभ्या होत्या, तिच्याकडे न बघता.

शारदाचं माहेर ताडकळसचं. तिला एकटीला सोडवेना. पालम बघायचं राहू दिलं, तिथे फक्त गाडी बदलली. वाटेत विचारलं, "मघाशी तूच बोललीस ना?"

तिने मांडीवरचं गठुडं जवळ ओढलं. "पाटावर बसलेलं आठवतंय. फुडलं ठावं न्हाई. थोरल्या जाऊबाईला मी बघितलं बी न्हाई कधी. पन भांडे घासताना कुनीतरी बाजूला येऊन बसल्यागत वाटायचं."

पालमहून शारदाने फोन केला होता, ताडकळसला तिची आई स्टँडवर उभी होती. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत तिने पहिलं विचारलं, "जेवलीस का, बाय?"

नाशिकला परतल्यावर वर्गात तो श्लोक पुन्हा आला. एकीने विचारलं, "बाई, झुरणाऱ्या सुनेचा शाप खरंच लागतो?" मी फळ्याकडे तोंड केलं. लागतो म्हणावं तर शिकलेली बाई, नाही म्हणावं तर ती दुपार.

मागच्या आठवड्यात शारदाचा फोन आला. सासरे न्यायला येऊन गेले, ती गेली नाही. "आत बी आले न्हाईत, बाई. उंबऱ्याभायेर बसून हात जोडले. मला आता 'तुमी' म्हनायलेत." मग म्हणाली, "मला का तिला, ते मी इचारलं न्हाई."